जिवंत राहण्याचा धंदा

तुतझोर, २४ मार्च २००३

अनोरखोनच्या बाबांना सलाम.

कोण अनोरखोन म्हणाल. तुमची मुलगी. थंडीत झाली. तेव्हा समाराच्या बसवाल्याकडे निरोप दिला होता, पोचला की वाटेतच सांडला कोण जाणे. मानेवर डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल डाग घेऊन आलीय, म्हणून ओयींनी, तुमच्या आईंनी, नाव अनोर ठेवलं. डाळिंबाचं नाव दिलं नाही तर डाग अंगभर पसरतो म्हणे. मी म्हटलं, तिच्या बाबांना विचारू तरी. तर ओयी म्हणाल्या, 'डाग काय समाराहून उत्तर येईस्तोवर थांबणार आहे?'

मला लिहिता येतं ते इतकंच. सातवीत कापूस वेचायला नेलं, मग शाळा राहिलीच. तुमचं अक्षर तरी काय, कोंबडी चिखलातून गेल्यासारखं. पण कोंबडीसुद्धा रोज चालते हो. तुमचं एकच पत्र आलं, बर्फ पडायच्या आधी.

नवरोजला बायका कढईभोवती जमल्या तेव्हा एकीने विचारलं, नवरा कुठाय तुझा? मी म्हटलं, तिरिकचिलिकला गेलेत, पोटासाठी रशियात. ती म्हणाली, माझाही. तिसरी म्हणाली, माझाही. मग सगळ्या नुसतं ढवळत बसल्या. मला या शब्दाचा वीट आलाय. भाऊ मयतीला आला नाही, का तर तिरिकचिलिक. बाप बारशाला नाही, तिरिकचिलिक. पोटासाठी जातो म्हणायचं आणि इकडे घरातल्यांच्या पोटात गोळा आणायचा.

तुम्ही निघताना चावलेला नान खिळ्यावर आहे. सकाळी उठून आधी तो बघते, मग पोरीला. ओयी म्हणतात, राहिलेला तो येऊन खाईल, नान वाट बघतो. पण शेजारच्या खिळ्यावर एर्गाशअकांचाही आहे ना. तोही वाटच बघत होता. तुमचे थोरले भाऊ पेटीतून आले तरी ओयींनी तो काढला नाही. मोठ्या जाऊबाई वर्षभरात माहेरी गेल्या. त्यांचं या घरात काय उरलं? तो नान. मला दोन्ही एकदम दिसतात. तुमच्या नानाकडे बघावं तर नजर आपोआप त्याच्याकडे जाते.

मला भीती वाटते. एवढंच लिहायचं होतं, बाकीचं उगाच लिहिलं.

रोबिया

•

समारा, १९ एप्रिल

रोबिया, सलाम.

पत्र मिळालं. बसवाला म्हणाला होता, 'अभिनंदन, झालं तुमच्या घरी.' काय झालं ते विसरला. मी मुलगाच धरून बसलो आणि टोपी घेऊन ठेवली. राहू दे. मुलीला पण डोकं असतं. अनोर नाव चांगलं आहे.

काम बरं आहे. एका बड्या माणसाचं घर बांधतोय, तीन मजली. राहणार तो, बायको आणि कुत्रा. आम्ही तळघरात झोपतो, मी, आपल्या गावचे होलमतअका आणि अंदिजानचे काहीजण. होलमतअका घोरतात, त्यामुळे उंदीर येत नाहीत. ओयींना सांग, मी कानटोपी घालतो. ती दाढ अजून ठणकते. इथे दाढेला कुणी हात लावायचा म्हटलं तर आधी खिसा दाखवावा लागतो.

जर्दाळू पिकले की येतो. आधी जमणार नाही, छताचे पत्रे घ्यायचेत. तू चिडतेस, पण काय करू, तिरिकचिलिक.

घाबरू नकोस. नान उंदरापासून सांभाळ.

एलमुरोद

•

तुतझोर, १८ मे

अनोरच्या बाबांना सलाम.

टोपीचं ऐकून ओयी खूप दिवसांनी हसल्या. म्हणाल्या, 'बापावर गेलाय. त्यानेही तिसऱ्या खेपेला टोपीच आणली होती आणि निघाली पोरगी.'

रेशमाच्या अळ्या आल्यात. यंदाही सरकारी माणूस आला, बी देऊन गेला, नको म्हणायची सोय नाही. चांगली खोली त्यांना दिली, आम्ही तिघी ओसरीवर. दिवसभर तुतीच्या फांद्या तोडायच्या, टाकायच्या, पुन्हा तोडायच्या. कांदा परतायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही, अळ्या रुसतात. पोरगी रडली तरी मी तिला घेऊन पाटावर पळते. ओयी म्हणतात, 'अळ्यांचा मान ठेव, त्या कोष देतात. पोरगी अजून काही देत नाही.' असं म्हणतात आणि मग स्वतःच तिला पाळण्यात बांधून गाणी म्हणतात.

खोली रिकामी करताना दोन्ही नान मीच उतरवले. ओयींनी हात लावला नाही. ओसरीच्या खांबाला नवे खिळे मारले. मी म्हटलं, ओयी, एर्गाशअकांचा लांबच्या खांबाला लावू का. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप एकाशेजारी एक लावले.

त्या दिवशी मला रडू आलं आणि मी तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, हा तिरिकचिलिक शब्द ज्याने काढला त्याच्या तोंडात माती पडो. ओयी कोयत्याने फांद्या साफ करत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, 'शब्दाला का शिव्या देतेस? देहकोनचिलिक म्हणजे काय?'

म्हटलं, 'शेतकऱ्याचा धंदा.'

'सवदोगरचिलिक?'

'सौदागराचा धंदा.'

'आणि तिरिक म्हणजे?'

'जिवंत.'

'मग. जिवंत माणसाचा धंदा. जमीन नाही, दुकान नाही, हातात हुन्नर नाही, त्याने करायचा काय? जिवंत राहायचं. तोच त्याचा धंदा.' मग म्हणाल्या, त्यांची आजी सांगायची, दुष्काळाच्या साली कुणी कुणाच्या दारात गेलं तर खुशाली विचारायची नाही, जेवलात का तर अजिबात विचारायचं नाही. बाहेरूनच हाक मारायची, 'तिरिकमिसान?' जिवंत आहेस का? आतून 'तिरिकमन' आलं की पुढच्या दाराला जायचं. नाही आलं तर फावडं आणायचं. त्या सालापासून हा शब्द आपल्या घरात आहे, म्हणाल्या. आधीचं त्यांना माहीत नाही.

मी म्हटलं, मग एर्गाशअका तो धंदा करायलाच गेले होते ना? ओयी उठून आत अळ्यांकडे गेल्या. मी असं बोलायला नको होतं. पण खोटं बोलले का?

जर्दाळू अजून हिरवे आहेत. मी बघत असते.

रोबिया

•

समारा, १५ जून

माझ्या मनाच्या बागेतील बुलबुले, प्रिय रोबिया,

तुझे पत्र हाती पडताच जणू वाळवंटात झरा फुटला. मी येथे तुमच्या सर्वांच्या आशीर्वादाने सुखरूप व खुशाल आहे. तब्येत उत्तम. जेवण उत्तम. पूज्य आईच्या चरणांची धूळ मी दुरूनच डोळ्यांना लावतो. आपली लाडकी कन्या चंद्रकोरीप्रमाणे वाढो.

जर्दाळूच्या वेळी येण्याचे ठरले होते, परंतु मालकाने काम वाढवले आहे. तरी थोडा धीर धरावा. काळजीचे काहीही कारण नाही. तिरिकचिलिक आहे, सर्व ठीक आहे.

तुझा सदैव,
एलमुरोद

•

तुतझोर, २ जुलै

हे पत्र कुणी लिहिलं?

मी बुलबुल कधीपासून झाले? लग्न झाल्यापासून तुम्ही मला 'ए' म्हणता, फार लाडात आलात तर 'अगं ए'. अक्षर बघितलं, एकाखाली एक, ओळीत उभी केलेली शाळेची पोरं. तुमची कोंबडी कुठे गेली?

आधी वाटलं, कुणीतरी बाई भेटली. शिकलेली. तिनेच बसून लिहिलं आणि दोघं हसले. मी दोन दिवस, अळ्या घरात असल्यासारखं, तोंड न उघडता काम केलं. ओयींना पत्र वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, 'किती गोड लिहिलंय,' आणि त्यानंतर जेवल्या नाहीत. मी विचारलं, का? तर म्हणाल्या, पोट भरलंय. अहो, त्यांचं पोट आजवर कधी भरलंय?

बाई असेल तर सरळ लिहा. चालेल असं म्हणत नाही. रडेन, भांडेन, पण समजेल तरी. काळजीचे कारण नाही हे लिहू नका. एर्गाशअकांच्या शेवटच्या पत्रातही काळजीचे कारण नव्हते.

एकच विचारते. त्या दिवशी सकाळी ओयींनी तुमच्यापुढे नान धरला, तो तुम्ही कसा चावलात ते लिहा. बाकी काही नको. तुमचं अक्षर नसेल तरी चालेल, पण हे उत्तर तुमचं पाहिजे.

कोष झाले, सरकारी माणूस नेऊन गेला. जर्दाळू पिकून पडले. सुकवलेत.

रोबिया

•

समारा, २१ जुलै

प्रिय रोबिया,

तुझ्या शंकेने हृदयाला वेदना झाल्या. अक्षर वेगळे वाटते, कारण हल्ली मी अक्षर सुधारण्याचा सराव करतो.

ती सकाळ मी कशी विसरेन? आईने थरथरत्या हातांनी नान पुढे केला. मी अल्लाचे नाव घेतले, तुझ्या अश्रूभरल्या डोळ्यांत पाहिले आणि समोरच्या दातांनी एक भक्कम, पुरुषासारखा घास तोडला. मग मागे वळून न पाहता निघालो, कारण वळलो असतो तर पाय उचलले नसते.

लवकरच येईन. चिंता नसावी.

एलमुरोद

•

तुतझोर, ३ ऑगस्ट

होलमतअका, सलाम.

हे तुम्हीच आहात ना? दुसरं कोण असणार. तुमच्या त्या तळघरात बुलबुल वगैरे लिहिणारं आणखी कोण आहे?

आता नानाचं मी सांगते. त्या दिवशी त्यांची उजवी दाढ सुजली होती. गाल असा, टरबूज ठेवल्यासारखा. समोरच्या दातांनी चावायला गेले तर कळ आली आणि नान ओयींच्या हातात परत दिला. ओयी म्हणाल्या, न चावता जाणारा येत नाही. मग त्यांनी मान तिरकी केली, डोळे मिटले आणि डाव्या कडेने, मागच्या दातांनी, उंदरासारखं जरासं कुरतडलं. ओयी रडता रडता हसल्या, 'एवढ्याशा घासावर कसला परत येतोस तू.' आणि मागे वळून न बघता कसले जातात? तीन वेळा परत आले. एकदा मोजे विसरले, एकदा कागदपत्रं, तिसऱ्यांदा नुसतेच आले आणि दारात उभे राहिले.

आपल्याकडे सगळेच समोरच्या दातांनी चावतात, म्हणून तुम्ही तसं लिहिलंत. तुमची चूक नाही. तुमच्या आईनेही तुमचा तसाच टांगलाय, मी बघून आले.

आता खरं सांगा. वाईट बातमी पत्रात लिहायची नाही, माणूस आजारी आहे म्हणून बोलावून घ्यायचं आणि अंगणात आल्यावर सांगायचं, ही आपली रीत मला माहीत आहे. ती रीत आता पुरे झाली. रीतीने मला वेड लावलंय. पोरगी रांगायला लागलीय, खांबाशी जाऊन वर त्या नानांकडे हात करते, आणि मला तिला सांगता येत नाही की यातला कुठला कुणाचा आणि कोण येणार आहे.

मला एकच शब्द पाठवा. आहेत की नाहीत. फुलं लावू नका त्याला.

रोबिया

•

समारा, १९ ऑगस्ट

रोबिया, बहिणी,

आहे. आधी हेच लिहितो. आहे, श्वास घेतोय, शिव्या देतोय.

तू विचारलंस म्हणून साधं लिहितो. पलटणीत मी पोरांची प्रेमपत्रं लिहायचो, तीच सवय लागली. दुसरी लिहायची पद्धत मला येत नाही, माफ कर.

मे महिना संपता संपता परांची सुटली. एलमुरोद वरून खाली आला आणि मागून फळ्या आणि विटा. पाय मोडला होता, तो जुळतोय. उजवा हात मनगटाजवळ चिरडला होता, तो काढावा लागला. मालकाने दवाखान्याच्या दारात उतरवलं आणि माझं नाव घेऊ नका म्हणाला. त्यानंतर आम्ही तळघरातलेच सगळे आळीपाळीने बघतो त्याच्याकडे.

त्याने मला नानावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की घरी कळवायचं नाही. म्हणाला, 'एक भाऊ पेटीतून गेला, दुसरा अर्धा जाईल. आईने कुणाकुणाला बघायचं? माझा धंदाच बुडाला, होलमतअका. हातावर पोट होतं, हातच गेला.' मग म्हणाला, लिही की मला दुसरी बाई मिळाली, म्हणजे ती तिचं बघेल. ते मला लिहिता आलं नाही, म्हणून बुलबुल लिहिलं. तुझी पत्रं मीच वाचली. त्याला दाखवली नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडायचा, नानाचं विचारायची हिंमत झाली नाही.

हे शेवटचं मात्र त्याला वाचून दाखवलं. शपथ मोडली, अल्लाला मी उत्तर देईन. उंदरासारखं कुरतडलं हे आलं तेव्हा त्याने तोंड इकडे वळवलं. 'तिसऱ्यांदा नुसतेच आले' इथे म्हणाला, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. मग म्हणाला, पेन्सिल दे.

खालचा शब्द त्याचा, डाव्या हाताने आहे, वाचता येतो का बघ. घामाघूम झाला तेवढ्यात. पण घरी यायचं काढलं की परत भिंत. मी काय करू ते तू सांग.

होलमत

तिरिकमन

•

तुतझोर, १ सप्टेंबर

अनोरच्या बाबांना सलाम.

वाचता आलं. कोंबडी लंगडतेय, पण कोंबडी तुमचीच आहे.

ओयींना मी अंगणात नेऊन वगैरे सांगितलं नाही. त्या मिरच्या दोऱ्यात ओवत होत्या, तिथेच वाचून दाखवलं, सगळं, हातापर्यंत. त्यांनी विचारलं, 'कुठला?' म्हटलं, उजवा. सुई मिरचीतून काढली, परत घातली. म्हणाल्या, 'गोड पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं. एर्गाशच्या मागून पण असंच एक गोड पत्र आलं होतं, पेटीच्या आधी. मी तर दुसऱ्या पेटीची वाट बघत होते.' मग तुमचा तो एक शब्द मला पुन्हा वाचायला लावला. त्यांना वाचता येत नाही, पण बोट ठेवून विचारत होत्या, हे काय, हे काय, एकेका अक्षराला.

मग उठल्या आणि एर्गाशअकांचा नान खिळ्यावरून काढला. पाण्यात भिजवला, खूप वेळ लागला, दगड झाला होता. तुतीखाली पाखरांना घातला. ती खाईपर्यंत तिथेच उभ्या होत्या. परत आल्यावर मलाच ओरडल्या, 'बघत काय बसलीस, पोरगी मिरच्या तोंडात घालतेय.'

आता माझं ऐका. मी चिडलेली आहे आणि शांतपणे लिहायला मला येत नाही.

होलमतअकांना म्हणालात धंदा बुडाला. कसला धंदा? तुम्ही गवंडी होतात का? इथून गेलात तेव्हा वीट कुठल्या अंगाने धरतात ते माहीत नव्हतं. तुमच्या आईने अळ्यांच्या फांद्या तोडताना मला सांगितलं ते मी तुम्हाला मे महिन्यात लिहिलं होतं, ते आता होलमतअकांकडून मागून घ्या आणि वाचा. जिवंत माणसाचा धंदा. त्यात हात किती पाहिजेत असं कुठे म्हटलंय? ते तीन मजली घर कुत्र्याला लखलाभ. पत्रे नकोत मला. गळतं तिथे मी परात ठेवते, गळू दे.

आणि दुसरी बाई मिळाली म्हणून लिहा म्हणालात. ते लिहिलं असतं तर मी काय केलं असतं माहीत आहे? विश्वास ठेवला असता. इतके दिवस तेच बरं वाटत होतं मला. बघा तुम्ही मला कुठे आणून ठेवलंत, की माझा नवरा दुसरीजवळ सुखात आहे ही चांगली बातमी वाटावी.

भीती मला अजून वाटते. तुमची कमी, तुमच्या त्या भिंतीची जास्त. एक हात असलेल्या माणसाला इथे काम मिळेल की नाही, मला ठाऊक नाही. लोक बघतील, कुजबुजतील. आपण चिडू, भांडू. पुढच्या वर्षी अळ्या आल्या की पाला टाकायला एक हात पुरतो, एवढं मी बघितलंय, मी दुसऱ्या हातात पोरगी धरूनच टाकते. त्यापुढचं मला माहीत नाही.

तुमचा नान कडक झालाय. तरी आपल्याकडे नानाला सुरी लावत नाहीत, दोन हातांनीच मोडायचा असतो. एक तुमचा, एक माझा. भिजवून घेऊ. दाढेला त्रास होणार नाही.

बसवाल्याशी मी बोललेय. हे पत्र घेऊन तो येतोय आणि परतताना तुम्हाला मागच्या लांब सीटवर झोपवून आणणार आहे. होलमतअकांना सांगा उचलून ठेवा, शिव्या दिल्या तरी. बस पाटाच्या पुलाशी थांबते. मी पोरीला घेऊन उभी असेन, तिला ती टोपी घालायचीय, विसरू नका.

आणि तुम्ही नाही उतरलात तर त्याच बसमध्ये मी चढेन. बायका चढत नाहीत, माहीत आहे. पोरगी ओयींजवळ राहील, आमचं बोलणं झालंय. काल तंदूर लावला तेव्हा त्यांनी एक नान जास्त केला. मी विचारलं, हा कुणाला? म्हणाल्या, 'तो उतरला तर चहाबरोबर खाऊ. नाही उतरला तर तू चावून जा.'

खांबावर एक खिळा रिकामाच आहे.

रोबिया